कोरं विमान

जगदेवचं विमान उडालं.

आता हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चला. आमच्या गावात सगळे तसंच धरून चालतात आणि त्यामुळं कुणाचं काही अडलेलं नाही. विमान उडालं नाही. ते उडण्यासाठी नव्हतंच, ते मारुतीसाठी होतं.

जगदेव म्हणजे बबनरावांचा धाकटा. आसेगावच्या रस्त्याला आमचं गाव लागतं, म्हणजे लक्ष ठेवून बसलात तर लागतं. बबनरावांकडे कोरडवाहू जमीन, दोन बैलजोड्या आणि या दोन्हींकडे बघणारा थोरला मुलगा जानराव. धाकट्याला काही काम उरलं नव्हतं म्हणून त्याला अकोल्याला मॅट्रिकला ठेवला. तो तिथून नापास होऊन परतला तेव्हा त्याच्या काखेत एक चपटी पेटी होती. पेटीत पापडासारख्या पातळ लाकडाच्या फळ्या, त्यांवर छापलेल्या आकृत्या, कांद्याच्या सालीसारखा कागद, रबराची एक लांब दोरी आणि एक नकाशा. फळ्या कापायच्या, जोडायच्या, वर कागद चिकटवायचा, की विमान तयार. पुढच्या पंख्याला बोटानं पीळ देऊन सोडलं की रबर उलगडतं आणि विमान उडतं. पेटीवरच्या चित्रातला गोरा पोरगा तरी तसं सांगत होता.

बबनरावांनी पेटी उलटीपालटी करून पाहिली आणि यात बसून नोकरीवर जाता येईल का, असं विचारलं. जगदेव नाही म्हणाला. मग मॅट्रिकमध्ये बसून तरी कुठं जाता आलं, असं म्हणून ते गोठ्याकडं गेले. बापलेकांत त्या विषयावर एवढंच बोलणं झालं.

सुगी संपेपर्यंत पेटी खाटेखाली पडून राहिली. संक्रांत झाल्यावर जगदेवनं ती उघडली. पेटीतला चिकट पदार्थ वाटेतच दगड झाला होता, म्हणून त्यानं बांधावरच्या बाभळीचा डिंक आणून भिजवला. वाऱ्याची झुळूक आली तरी कागद उडे, म्हणून तो ज्वारीच्या कोठीत दार लावून बसायचा. फाल्गुनातल्या दुपारी आमच्याकडे कोठीत ज्वारीलाही बसवत नाही. पण तो बसला. पंखांवर कागद ताणून त्यानं तोंडात पाणी धरून फवारा मारला आणि वाळू दिलं. वाळल्यावर कागद डफासारखा घट्ट झाला. आता एकच गोष्ट राहिली होती. वारा पडला की खळ्यावर जायचं, पीळ द्यायचा आणि सोडायचं. जगदेवला आयुष्यात दुसरं काही हवं होतं असं कुणी कधी ऐकलं नाही.

वारा पडायची वाट बघत तो आंघोळीला नदीवर गेला, आणि नेमकी सोजरबाई घरी आली.

सोजरबाई शेजारची. तिचा पोरगा रामधन मुंबईला गिरणीत गेला होता आणि मुंबईनं त्याला गिळलं असावं इतका तो गप्प होता. आमच्याकडे नवसाची रीत अशी, की जे मागायचं त्याचं लाकडी रूप देवाला वाहायचं. मूल हवं तर पाळणा, बैल हवा तर बैल, पाय दुखत असला तर पाय. गेलेला माणूस परत हवा असला तर छोटी बैलगाडी वाहतात. पण मुंबईहून बैलगाडीनं रामधन कधी पोचायचा, हा प्रश्न सोजरबाईला पडला होता, आणि तो काही चुकीचा नव्हता. तिनं कोनाड्यातलं विमान पाहिलं. जगदेवच्या आईला, रंगूबाईला, विचारलं. घरची वस्तू देवाला जाते म्हटल्यावर रंगूबाई नाही कशी म्हणेल. तिनं वर हळदकुंकूही दिलं.

जगदेव ओल्या अंगानं देवळात पोचला तेव्हा विमान मारुतीच्या समोर आढ्याला टांगलेलं होतं. त्यानं पुंजाजी गुरवाला विनवलं की एकदाच उडवतो आणि होतं तसं आणून टांगतो. पुंजाजी शांत माणूस. त्याला राग आल्याचं मारुतीनंही पाहिलं नसेल.

"उडवलं मंग उष्टं झालं ना बापा," तो म्हणाला. "आपून नेसलेलं लुगडं देवाले नेसवतो काय? देवाले कोरंच लागते."

देवाला कोरं लागतं, याच्यापुढं बोलता येत नाही. जगदेव घरी आला. आणि आठवडा उलटायच्या आत रामधन दारात उभा राहिला. त्याला कामावरून काढलं होतं, पण ते नुसतं निमित्त. काढणारा कोण, हे सगळं गाव आढ्याकडं बघून ओळखून होतं.

तेव्हापासून जगदेवचं वर्ष ठरून गेलं. दिवाळीला कापूस विकला की ज्याचा नवस असेल तो पेटीचे पैसे आधीच द्यायचा. मुंबईच्या दुकानाला कागद जायचा. मार्गशीर्षात पार्सल यायचं आणि पोस्टमनच्या मागं डफडं वाजायचं. कोठीत बसून जगदेवनं जोडायचं आणि हनुमान जयंतीला विमान देवळात. म्हणजे विमान तयार होण्याच्या आधीच विकलेलं असे, आणि विकलेलं असल्यामुळं त्याचं नसे. वर्षाला एकच पेटी. ती कुणाची तरी आणि कोरी.

कोरेपणाचा बंदोबस्त वाढत गेला. पहिल्यांदा पुंजाजीनं तोंडातल्या पाण्याचा फवारा बंद केला, कारण ते तर सरळसरळ उष्टंच. मग जगदेव दूर्वांनी पाणी शिंपडू लागला. मग पंख्याला बोट लावायला मनाई झाली. मग असं लक्षात आलं की रबर आहे तोवर धोका आहे. तेव्हा पार्सल फुटलं की पुंजाजी रबर काढून घ्यायचा, टोपीत ठेवायचा आणि विमान टांगल्यावरच मारुतीच्या पायाशी सोडायचा. कागद चढला की नवस करणाऱ्याच्या घरचं कुणीतरी कोठीच्या दाराशी बाज टाकून बसायचं. जगदेव बाहेर निघाला की त्याचे हात बघायचे, खिसे बघायचे, आणि मग आदरानं रामराम करायचे.

तशी इज्जत खूप होती. गावजेवणात त्याला पहिल्या पंगतीला पाट मिळे. पण त्याला गाव सोडता येत नव्हतं. नवसाचा हात बदलू नये, असंही मधल्या काळात कुणीतरी ठरवलं. कुणी ठरवलं ते कुणालाच आठवत नाही, म्हणून ते फारच जुनं असणार. जगदेवला रिसोडला आडतीवर काम मिळत होतं. पंचांनी आडतवाल्याला निरोप धाडला की हा माणूस देवाच्या कामावर आहे. आडतवाल्यानं हात जोडले आणि सोबत स्वतःचा एक नवसही पाठवून दिला. शिरपूरकडून एक सोयरीक आली होती. मुलीच्या बापाला सगळं पसंत पडलं. पण जावई सासुरवाडीला मुक्कामाला येऊ शकणार नाही, त्याला दिवेलागणीला परत पोचवावं लागेल, हे ऐकल्यावर त्यानं चहा प्यायला आणि तो दिवेलागणीच्या आत आपल्या घरी परत पोचला.

अशानं आढ्याला विमानांची रांग लागली. संध्याकाळी देवळाच्या दारातून वारा आला की ती दोऱ्यांवर जरा जरा हलायची. जगदेव पायरीवर बसून बघायचा. लोकांना ती भक्ती वाटायची.

एकदा तो आईला म्हणाला, "माय, मले फक्त एक डाव पाहू दे. ते उडते का नाही, एवढंच."

रंगूबाई भाकर थापत होती. ती म्हणाली, "उडत असन तं उडत असन. पाहून काय करतं? मी तुह्या बापाले काम करताना कधी पाह्यलं काय? तरी ज्वारी घरात येतेच नं."

मग गोमतीबाईचा नवस आला.

गोमतीबाई मानोऱ्याकडच्या तांड्यावरची. तिथली माणसं दिवाळी झाली की कामाला बाहेर पडतात आणि पावसाच्या आधी परत येतात. तिचा एकुलता हेमसिंग असाच बल्लारशाकडं कोळशाच्या खाणीत गेला होता. सगळे परत आले, तो आला नाही. पुढच्या साली पुन्हा सगळे गेले आणि पुन्हा सगळे आले, तो आला नाही. सोबतचे काही धड सांगत नव्हते. त्या वर्षी गोमतीबाई कामाला गेलीच नाही. दिवाळीला तांड्याचा नाईक लखीराम याला सोबत घेऊन आमच्या गावात आली आणि विमान सांगून गेली.

हनुमान जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळीच दोघं विमान बघायला आली. ओसरीवर कोरं विमान, बाजूला जगदेव, दाराशी बाजेवर लखीरामचा पुतण्या आणि खांबाला टेकून पुंजाजी. गोमतीबाईनं विमानाभोवती एक फेरी मारली. खाली वाकून चाकं पाहिली. शेपटीला हात लावला. तिचा बाप आणि आजा बैलांचा व्यापार करणारे. ती विमानाच्या तोंडात बघते की काय, असं आम्हाला वाटलं.

"चालते का हे?" तिनं विचारलं.

असं गावात आजवर कुणी विचारलं नव्हतं. जगदेवनं आधी पुंजाजीकडं पाहिलं. मग तो म्हणाला, "मले मालूम नाही माय. म्या कधी सोडून नाही पाह्यलं."

"न पाहता देऊन राह्यला तू?"

पुंजाजीनं तिला कोऱ्याचं, उष्ट्याचं, लुगड्याचं सगळं नीट समजावून सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"लुगडं नेसाचं असते बावा," ती म्हणाली. "हे जनावर हाय. जुंपून पाह्यल्याशिवाय बैल कोण घेते? माह्या पोराले यायचं हाय याच्यावर. मधातच बसलं तं?"

लखीराम नाईकानंही मान डोलावली. तांड्यात कधी कुणी न जुंपता जनावर घेतलेलं नाही, आणि इथल्या देवाला ते चालत नसेल तर तांड्याचे नवस दुसऱ्या गावाला नेता येतील, असं त्यानं अगदी गोड आवाजात सांगितलं. पुंजाजी विचारात पडला. तांड्याची माणसं श्रद्धेला पक्की, नारळाला तर त्याहून पक्की. शेवटी तडजोड निघाली. पीळ द्यायचा, पण विमान दोन्ही हातांनी धरून ठेवायचं. पंखा फिरला की चालतं असं समजायचं आणि पीळ उतरवून टाकायचा. म्हणजे जुंपलं असंही होईल आणि कोरंही राहील. पुंजाजीनं टोपीतून रबर काढून दिलं. जगदेवनं ते ओंजळीत घेतलं, प्रसादासारखं.

सगळे बबनरावांच्या खळ्यावर गेले. बातमी पुढं धावली होती, त्यामुळं गाव आधीच तिथं होतं. वारा अगदी पडलेला. जगदेवनं रबर लावलं आणि बोटानं पंखा फिरवायला लागला. रबराला गाठी पडल्या, गाठींवर गाठी पडल्या. मग त्यानं विमान छातीपुढं धरलं आणि पंख्यावरचं बोट काढलं. पंखा भर्रकन फिरू लागला. गाव एकदम मागं सरकलं. विमान त्याच्या हातात थरथरायला लागलं.

गोमतीबाई पुढं आली आणि तिनं विमानाच्या पाठीवर हात ठेवला. खुंट्याला बांधलेल्या वासरावर ठेवतात तसा.

"वढून राह्यलं हे," ती हळूच म्हणाली. "सोड."

जगदेवनं सोडलं.

आधी ते खाली गेलं, जमिनीला लागेल इतकं खाली. मग कुणीतरी पाठीला धरून उचलावं तसं वर आलं, कडब्याच्या गंजीवरून गेलं, जानरावच्या पागोट्यावरून गेलं, डावीकडं कललं आणि मोठ्या ऐटीत वळलं. उन्हात कागद आरपार दिसत होता, आतल्या सगळ्या काड्या दिसत होत्या. पंखा थांबला तरी ते चालूच राहिलं. तापलेल्या ढेकळांवरून ते आणखी वर चढलं, बिलकूल आवाज न करता गावठाणावरून गेलं आणि देवळामागच्या पिंपळात शिरलं. शेंड्याजवळ एका फांदीला अडकलं. जगदेवचे हात अजून छातीपुढंच होते, विमान धरल्यासारखे. तो हसत नव्हता. तोंड उघडं होतं.

सगळ्यांच्या मनात हिशेब चालू होता. विमान उडालं, म्हणजे उष्टं झालं. हे एक उडालं, तर आधीची उडाली नव्हती कशावरून? आणि आधीची उष्टी, तर मग रामधन परत आला तो कसा? तो तर तेवढ्या भांडवलावर लग्न करून बसला होता. रामधनची बायको त्याच्याकडं रोखून बघायला लागली.

पंच पिंपळाखाली बसले. पुंजाजी बोलला. विमान जगदेवच्या हातातून सुटलं, हे त्याला मान्य होतं. पण ते गेलं कुठं? नदीकडं गेलं नाही, शेतात गेलं नाही, नेमकं देवळाकडं आलं. याचा अर्थ मारुतीनं ते खेचून घेतलं. उद्यापर्यंत त्याला दम निघाला नाही. आणि खेचलेल्या वस्तूला उडाली म्हणत नाहीत. बबनराव पंच होते. त्यांनी यावर मान डोलावली, कारण मुलावर उष्टं वाहिल्याचा ठपका येण्यापेक्षा हे बरं होतं.

जगदेव उठला. "म्या सोडलं," तो म्हणाला. "पीळ म्या देला. ते उडालं. सगळ्याईनं पाह्यलं."

"तू सोडलं हे खरं हाय," पुंजाजी समजुतीनं म्हणाला. "उडालं हे तुह्यं म्हणणं झालं."

जगदेवनं गावाकडं पाहिलं. गाव पिंपळाकडं बघत होतं. मग तो गोमतीबाईकडं वळला. सोड म्हणणारी तीच होती. पुंजाजीनंही तिलाच विचारलं. उडालं असेल तर नवस वाया गेला, हेमसिंगचं मग आपण काही सांगू शकत नाही. मारुतीनं खेचलं असेल तर पोरगा येणार. तू काय पाहिलंस?

गोमतीबाई जगदेवकडं बघत राहिली. तिनं सगळं पाहिलं होतं. खळ्यावर विमान वळलं तेव्हा तिचा हात आपोआप वर गेलेला जगदेवनंही पाहिला होता.

"नाही उडालं," ती म्हणाली.

जगदेव खाली बसला. नंतर गावाबाहेर पडताना ती त्याच्यापाशी थांबली. लुगड्याच्या पदरानं तिनं त्याच्या खांद्यावरचं भूस झटकलं आणि नाईकाच्या मागं चालू लागली.

वैशाखात हेमसिंग आला. एका पायानं लंगडत आला, पण आला. खाणीत पाय चेंगरला होता आणि तो दवाखान्यात पडून होता. लंगडण्याचं कारणही पुंजाजीकडं होतं. विमान जाताना डावीकडं कललं होतं ना, पोरगा डाव्याच पायानं लंगडत होता. विमान कललं होतं हे पुंजाजीला कसं माहीत, हे कुणी विचारलं नाही.

आणि मग खरी अडचण सुरू झाली. आता टांगलेलं विमान कुणालाच नको होतं. प्रत्येकाला मारुतीनं खेचलेलं हवं होतं. त्यासाठी जगदेवनं खळ्यावर पीळ देऊन ते सोडायला पाहिजे, आणि तरी ते उडता कामा नये. यावर पंचांनी बरेच दिवस डोकं चालवलं. मधेच राज्य बदललं, आम्ही नागपूरचे होतो ते मुंबईचे झालो, तरी पंच त्याच विषयावर होते. शेवटी तोड निघाली. जे कुणी पाहिलं नाही ते उडालं असं म्हणता येत नाही.

तेव्हापासून हनुमान जयंतीला सगळं गाव खळ्यावर जमतं. जगदेव पीळ देतो, विमान धरतो. पुंजाजी शंख फुंकतो. सगळे पाठ फिरवतात आणि डोळे मिटतात. सोडणाऱ्याचे डोळे उघडे राहून कसं चालेल, म्हणून जानराव मागून येऊन धाकट्या भावाच्या डोळ्यांवर हात ठेवतो. नांगर धरणारे हात आहेत, बोटांत फट राहत नाही. जगदेव सोडतो. पंख्याची भर्र ऐकू येते, लांब जाते, मग थांबते. त्यानंतर विमान किती वेळ चालतं ते कुणाला माहीत नाही. पुन्हा शंख झाला की सगळे वळतात आणि विमान शोधायला पळतात. जिथं सापडेल तिथं मारुतीनं खेचलं. मागच्या खेपेला ते पोलीस पाटलाच्या न्हाणीत सापडलं. तिथं आता शेंदूर लावलेला आहे आणि पाटील आंघोळीला नदीवर जातो.

आता वर्षाला एक विमान खरोखर सुटतं. जगदेवच्याच हातातून सुटतं, आणि त्याच्या हाताला ते सुटल्याचं कळतंही. त्यानं पंचांना विचारलं. पंच म्हणाले की ही गोष्ट आमच्या हातातली नाही, वर अर्ज कर. त्यानं अर्ज केला. सहीला कुणी पुढं आलं नाही, कारण सही केली तर अर्जात काय आहे ते माहीत असल्यासारखं झालं असतं. अर्ज असा:

मेहेरबान तहसीलदार साहेब यांचे सेवेशी. अर्जदार जगदेव वल्द बबनराव नम्रपणे कबूल करतो की, सदरहू विमान उडत नाही, पूर्वी कधी उडालेले नाही व पुढेही उडणार नाही. त्याबद्दल अर्जदाराची गावाविरुद्ध अगर देवाविरुद्ध कोणतीही तक्रार नाही. तथापि येत्या चैत्र पौर्णिमेस सदरहू विमान उडत नसताना, ते ज्या दिशेने उडत नसेल त्या दिशेस तोंड करून व दोन्ही डोळे उघडे ठेवून उभे राहण्याची अर्जदारास एक वेळ परवानगी मिळावी, ही विनंती.